टेक्सास की कॅरोलायना? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याहून आलेले पाहुणे असोत की ऑफिसात नवे आलेले मराठी सहकारी, हा प्रश्न ठरलेला असतो: "इतकी वर्षं इकडे आहात, खाण्यापिण्याची आवड आहे, तर सांगा, अमेरिकेतलं सगळ्यात चांगलं बार्बेक्यू कुठलं?" विचारणाऱ्याला बहुधा 'टेक्सास' हेच उत्तर अपेक्षित असतं. ब्रिस्केट म्हणजे गुरांच्या छातीचं मांस, लांबलचक रांगा, काळा खरपूस पापुद्रा, हे सगळं त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं.

माझं उत्तर वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या गावांत लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजलेलं अख्खं डुक्कर मिळतं, वर फक्त व्हिनेगर, मिरची आणि मीठ. मी याच राज्यात राहतो म्हणून असं म्हणतो, असं कुणाला वाटेल. पण टेक्सासबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून आधी त्याबद्दलच सांगतो.

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथलं 'क्राइट्स मार्केट' हे बार्बेक्यूचं दुकान १९०० सालचं. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक खाटकांची दुकानं होती. जे मांस विकलं जायचं नाही ते धुरावर भाजून ठेवायचे आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते खाटकाच्या कागदावरच घेऊन खायचे. ताट नाही, काटा नाही, सॉसही नाही. आजही ब्रिस्केट कागदावरच येतं आणि मसाला म्हणजे मीठ आणि जाडसर मिरपूड. १९९९ साली 'क्राइट्स'च्या घराण्यातल्या भावाबहिणीच्या वाटणीत जुनी इमारत बहिणीकडे राहिली, तेव्हा भावानं जुन्या भट्टीतले धगधगते निखारे टबात घालून रस्त्यानं ओढत नव्या जागेत नेले. दुकानाचं नाव, पाटी आणि गिऱ्हाइकं यांच्याइतकाच विस्तवही वारसा मानणारी ही माणसं आहेत. जुन्या इमारतीत आता बहिणीच्या घराण्याचं 'स्मिटीज' चालतं.

ब्रिस्केट हा सतत राबणारा, चिवट स्नायू. साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या धुरात तो बारा तास, कधी त्याहूनही जास्त ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्याला चिवट करणारं कोलॅजन हे प्रथिन विरघळून मऊ जिलेटिन होतं. मधेच, मांस ६५–७० अंशांपर्यंत आलं की तापमान कित्येक तास हलायलाच तयार नसतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं, तेच इथे घडत असतं: पृष्ठभागावरून ओलावा उडतो आणि मांस थंड ठेवतो. या टप्प्यावर घाई करून जाळ वाढवला की मांस सुकलंच. ऑस्टिनच्या 'फ्रँकलिन बार्बेक्यू'समोर लोक सकाळपासून उभे राहतात ते या धीराचं फळ खायला. ॲरन फ्रँकलिन यांना २०१५ साली जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर ब्रिस्केट अमेरिकाभर पोचलं.

माझी तक्रार इथेच आहे. आता जिकडे जावं तिकडे ब्रिस्केट! कॅरोलायनातल्या नव्या रेस्टॉरंटांतही, मेम्फिसलाही. कुठल्या भागात काय भाजायचं हे तिथे कुठलं जनावर होतं आणि भट्टीपाशी कोण उभं होतं, यावरून ठरत आलं आहे. कॅन्सस सिटीत गुरांचा मोठा बाजार आणि कत्तलखाने होते, म्हणून तिथे सगळी मांसं चालतात. पण त्या शहराच्या बार्बेक्यूचा पाया घातला टेनेसीहून आलेल्या हेन्री पेरी या कृष्णवर्णीय माणसानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चार्ली ब्रायंट यांनी ते दुकान पुढे चालवलं, मग भाऊ आर्थर यांनी. 'आर्थर ब्रायंट्स' आजही उभं आहे. पेरींचा सॉस तिखट होता. कॅन्सस सिटीचा म्हणून बाटलीत मिळणारा गोडमिट्ट, काकवीचा सॉस ही फार नंतरची गोष्ट आणि मला तो मांसावर अन्याय वाटतो. तिथे गेलात तर ब्रिस्केटच्या कडांचे करपलेले चौकोनी तुकडे मागा. ते तिथलेच.

टेनेसीतल्या मेम्फिसला कोरडा मसाला लावलेल्या डुकराच्या रिब्ज, म्हणजे बरगड्या, खाव्यात, गल्लीतल्या 'रेंडेव्हू'मध्ये. यापलीकडे मला मेम्फिसबद्दल फारसं सांगायचं नाही.

आता कॅरोलायना. इथे डुकरं रानात मोकळी चरायची, पाळायला स्वस्त. निखाऱ्यांवर अख्खं जनावर भाजण्याचं हे कसब प्रामुख्यानं गुलामगिरीतल्या आफ्रिकी माणसांच्या हातांनी घडवलं. मेजवानी दुसऱ्यांची असायची आणि रात्रभरचं जागरण यांचं. ही गोष्ट वगळून बार्बेक्यूचं कौतुक करू नये, असं मला पोटतिडकीनं वाटतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या एडन गावात 'स्कायलाइट इन' आहे. पीट जोन्स यांनी ते १९४७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी सुरू केलं. लाकूड वेगळीकडे जाळून त्याचे निखारे करायचे आणि फावड्यानं डुकराखाली पसरायचे, मांड्या आणि खांद्यांखाली जास्त, मधे कमी, कारण मधला भाग पातळ असतो. हे रात्रभर करायचं. सकाळी सगळं मांस एकत्र करून सुऱ्यांनी खटाखट बारीक करायचं, चुरचुरीत कातडीसकट. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये मांस, कोबीची कोशिंबीर आणि मक्याच्या पिठाचा दडस पाव, एवढंच. खांद्याचं रसाळ, पाठीचं कोरडं, पोटाकडचं चरबीचं आणि कातडीचा कुरकुरीत कण, हे सगळं एकाच घासात येतं आणि व्हिनेगर चरबीला ताळ्यावर आणतं. ब्रिस्केटमध्ये एका स्नायूची परमावधी असते. इथे अख्खं जनावर जुळवून आणावं लागतं, आणि मला हे काम जास्त अवघड वाटतं. साउथ कॅरोलायनात रॉडनी स्कॉट यांनी हेच काम लहानपणापासून केलं आणि २०१८ साली त्यांनाही जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.

नॉर्थ कॅरोलायनाच्याच पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनला, फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडा केचप घालतात. त्या केचपवरून राज्याचे दोन भाग पिढ्यानपिढ्या भांडत आले आहेत. मी पूर्वेच्या बाजूचा.

दुःखाची गोष्ट अशी की इथल्या कित्येक जुन्या जागा गॅसवर गेल्या. लाकूड महाग, आगीची भीती, रात्रभर जागायला माणसं मिळत नाहीत, कारणं खरी आहेत. पण चव जाते ती जातेच. म्हणून आत शिरण्याआधी इमारतीच्या मागे एक चक्कर मारा. लाकडाचा ढीग दिसला तर थांबा, नाहीतर पुढे चला.

"आम्ही बीफ-पोर्क खात नाही, मग?" हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. त्यांना मी केंटकीतल्या ओवेन्सबरोला पाठवतो. ओहायो नदीकाठच्या या भागात पूर्वी मेंढ्या पाळत. वय झालेल्या मेंढीचं चिवट, उग्र मांस खाण्याजोगं करायचं तर तासन् तास मंद निखारे हवेतच. कॅथलिक चर्चच्या उन्हाळी सहलींतून हे मटण गावोगाव पोचलं. वूस्टरशायर सॉस, व्हिनेगर आणि मिरपुडीचं काळं, पातळ पाणी भाजताना त्यावर शिंपडत राहतात. 'मूनलाइट' नावाच्या जागेत ते बुफेमध्ये पोटभर मिळतं. आपल्या बोकडाच्या मटणाची सवय असलेल्यांना मेंढीचा वास पहिल्या घासाला जाणवतो, दुसऱ्याला नाही. फक्त चिकन चालत असेल तर अलाबामातलं डिकेटर गाठा. तिथे १९२५ पासूनच्या 'बिग बॉब गिब्सन'मध्ये हिकरीच्या लाकडाच्या धुरावरची कोंबडी मेयोनीज आणि व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात. शाकाहारी मंडळींनी मात्र प्रत्येक भाजी विचारून घ्यावी. बीन्स आणि पालेभाज्यांत डुकराचं मांस अनेकदा असतं.

एवढं सांगूनही टेक्सासलाच जायचं असेल तर खुशाल जा, फक्त शनिवार मोकळा ठेवा. लेक्सिंग्टन नावाचं एक गाव टेक्सासातही आहे. तिथलं 'स्नोज' आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी उघडतं, सकाळी आठला. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही टूट्सी टोमानेट्झ मध्यरात्रीनंतर तिथल्या भट्ट्यांपाशी येऊन निखारे सारत आल्या आहेत. ब्रिस्केट घ्याच, पण त्यांच्या हातचा पोर्क स्टेक आधी मागा. तो लवकर संपतो.