हिमोग्लोबिन कमी आलं, पुढे काय तपासायचं?

ठाणे-नवी मुंबईत आता सकाळी घरी येऊन रक्त नेतात आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात हिमोग्लोबिन ८.८ दिसलं की परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू होतात. ही घाई नको. कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. तो लोहाअभावीच झालाय हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

त्याच सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टमध्ये, खाली एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) बघा. ८० च्या खाली म्हणजे लाल पेशी लहान. सोबत एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि आरडीडब्ल्यू वाढलेला, म्हणजे पेशी लहान-मोठ्या मिसळलेल्या, तर संशय लोहावर जातो.

पण लहान पेशी थॅलेसेमिया मायनरमध्येही असतात; हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. आपल्या जिल्ह्यात हे विसरून चालणारच नाही. उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी आहे, आणि सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत हा दोष जास्त आढळतो; इतरांतही असतोच. प्राथमिक अंदाजासाठी एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागा. एमसीव्ही ७० आणि पेशी ४.१ दशलक्ष असतील तर उत्तर १७. १३ च्या वर, म्हणजे कल लोहाच्या कमतरतेकडे. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.६ असतील तर ११. इथे थॅलेसेमिया मायनरचा विचार हवा. हा अंदाजच. निदानासाठी एचपीएलसी या यंत्र-तपासणीत एचबी-ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजतात, ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर मायनर. लोह फार कमी असेल तर ए२ खोटं खाली येऊ शकतं, म्हणून लोहाचा आणि ए२चा, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावेत. आई-वडील दोघेही मायनर असतील तर बाळाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो, म्हणून लग्न ठरण्याआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हे कळलेलं फार बरं.

लोहाचा साठा सांगते ती फेरिटिन ही रक्ततपासणी. १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपलाय यात शंका नाही. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. अडचण अशी की ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा आजार यांत फेरिटिन वर चढते. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तापात केलेली फेरिटिन ९० आली म्हणून लोह भरपूर आहे असं समजू नका. सोबत सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) करावी, किंवा ताप ओसरून काही आठवडे गेल्यावर फेरिटिन पुन्हा मोजावी. लगेच ठरवायचंच असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, ते मदतीला येतं; १६ टक्क्यांच्या खाली म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडातल्या मज्जेला लोह पुरत नाही.

नुसतं सीरम आयर्न (रक्तातलं लोह) मात्र भरवशाचं नाही. ते दिवसभरात वर-खाली होतं, गोळी घेतल्यावर काही तास चढलेलं राहतं. आयर्न प्रोफाइल (लोहाच्या तपासण्यांचा संच) करायची तर आदल्या दिवसापासून गोळी थांबवा आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्या.

रक्त घेताना जांभळ्या झाकणाची ट्यूब सीबीसीची, लाल किंवा पिवळ्या झाकणाची लोहाची. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलं तर त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) लोहाला धरून ठेवतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. जांभळी ट्यूब खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, हलवलीच नाही तर गुठळी होते. गुठळीचा नमुना पुन्हाच घ्यावा लागतो.

गोळ्या सुरू झाल्यावर आठवडाभराने रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी, वाढलेले दिसतात आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅम चढतं. ते चढलं की गोळ्या बंद करू नका. साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी सापडलं, तर पोट-आतड्यातून रक्त जातंय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्याच.