बिनमताचा मतदार

बाबांना फोन करून सांगितलं, "नातीच्या पासपोर्टचं झालं एकदाचं. काँग्रेसच्या ऑफिसनं मदत केली." पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग सांगलीहून आवाज आला, "तिकडं पण काँग्रेस हाय का?"

आमचा जिल्हा वसंतदादांचा, बाबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात. त्यांच्या लेखी काँग्रेस म्हणजे हाताचा पंजा, नाहीतर रानात माजणारं ते गवत. इथं काँग्रेस म्हणजे संसद, आणि काम करून दिलं ते आमच्या भागाच्या खासदारांच्या ऑफिसनं, हे नीट समजावेपर्यंत माझी ऑफिसला जायची वेळ झाली.

झालं होतं असं. २०२३ च्या जुलैत बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. त्या वर्षी १८ जुलैपासून अधिक श्रावण लागत होता, म्हणून गुरुजींनी त्याआधीचा, ९ तारखेचा रविवार काढून दिला. आम्ही डेट्रॉइटहून ३० जूनची तिकिटं काढली. तिकिटावर पासपोर्ट नंबर टाकायला कपाट उघडलं, तर लेकीचा पासपोर्ट जानेवारीतच संपलेला. ती इथं जन्मलेली. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि ती पाच वर्षं करोनाच्या गडबडीत कधी सरली कळलंच नाही.

त्या वसंतात सगळी अमेरिकाच प्रवासाला निघाली होती. साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे, ६० डॉलर जादा भरले तर ७ ते ९ आठवडे, असं परराष्ट्र खात्यानंच मार्चमध्ये जाहीर करून टाकलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं पोस्टात गेलो, पोरीला टेबलापुढे उभं करून सह्या केल्या, जादा पैसे भरले. जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी साइटवर तीच एक ओळ: अर्जावर काम चालू आहे. फोन लावला की संगीत ऐकायचं, आणि तासाभरानं लाइन कट.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गडी अस्सल मिशिगनचा. आजोबापासून सगळे गाड्यांच्या कारखान्यात. तो म्हणाला, "मग खासदाराला फोन कर की." नळ गळतोय तर प्लंबरला फोन कर म्हणावं, तसं. त्याचे खासदार त्याच्या पक्षाचेही नव्हेत. निवडणुकीत त्यांच्या नावानं तो बोटं मोडतो. पण त्याच्या वडिलांचं, जुन्या सैनिकाचं, औषधपाण्याचं प्रकरण अडलं तेव्हा त्यानं त्याच ऑफिसातून ते सोडवून घेतलं होतं. त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

मला वाटत होतं. आमच्या घरी ऐंशीच्या दशकात गॅस आला तो खासदारांच्या कोट्यातून. त्यासाठी बाबांनी आधी कारखान्यातले एक डायरेक्टर गाठले, मग त्यांच्या ओळखीचा एक कार्यकर्ता, मग वाड्याबाहेर दोन सकाळी बसून काढल्या. सिलिंडर आला त्या दिवशी आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि पुढची दहा वर्षं आमच्या घरातली मतं कुणाची, हे ठरून गेलं. इथं तर मला मतच नाही. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आलेला परका माणूस. माझ्यासाठी कुणी फोन का उचलावा?

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो श्री ठाणेदारांचा. बेळगावचा मराठी माणूस, २०२२ ची निवडणूक जिंकून जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत गेला, तोही डेट्रॉइटमधून. म्हटलं, आपलाच माणूस, मराठीतच बोलावं सरळ. बायकोनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ठाणेदारांचा मतदारसंघ १३ वा, डेट्रॉइट शहराचा मोठा भाग आणि आसपासची काही गावं. आमचं उपनगर त्यात नाही. इथला शिरस्ता असा की एका खासदारानं दुसऱ्याच्या मतदारसंघातलं काम घ्यायचं नाही, ज्याचं त्याच्याकडे पाठवायचं. मराठीपण पत्ता विचारत नाही, पण केसवर्कर, म्हणजे खासदाराच्या ऑफिसात लोकांची कामं बघणारी बाई, सगळ्यात आधी पत्ताच विचारते.

आणि पत्त्यावरून खासदार शोधणं सोपं नव्हतं. मिशिगनच्या १४ जागा होत्या, २०२० च्या जनगणनेनंतर १३ उरल्या. नवे नकाशे २०२२ च्या निवडणुकीपासून लागू झाले. म्हणजे आम्ही घर बदललं नाही, पण मतदारसंघ आमच्या घराखालून सरकला होता. ऑफिसातल्या गड्यानं दिलेला फोन नंबर जुन्या खासदारांचा निघाला. संसदेच्या साइटवर पिन कोड टाकल्यावर बरोबर नाव मिळालं.

ऑफिस पाहून माझा विरसच झाला. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं दुकान, मधे काचेचं दार. दारावर फक्त नाव आणि पदनाम. हात जोडलेला फोटो नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. आत एक झेंडा, भिंतीवर शाळकरी मुलांनी काढलेली चित्रं आणि बाकड्यावर मांडीवर जाड फाइल घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ. खासदार अर्थातच नव्हते. अधिवेशन चालू असलं की आठवड्याचे मधले दिवस त्यांचा मुक्काम वॉशिंग्टनला. एका खासदाराला कायमचे कर्मचारी जास्तीत जास्त १८ ठेवता येतात, त्यातले काही तिकडे, काही इकडे. इकडच्यांचं मुख्य काम हेच: पेन्शन, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा), सैनिकांचे भत्ते, इन्कम टॅक्सचा अडकलेला परतावा, व्हिसा, पासपोर्ट. याला ही मंडळी 'केसवर्क' म्हणतात.

केसवर्कर बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. मी आधीच कबुली देऊन टाकली, "मी नागरिक नाही, मला मत नाही." त्यांनी मान वर न करता विचारलं, "राहता इथंच ना?" हो म्हटलं. "मग झालं तर." आणि एक पानी कागद पुढे सरकवला.

तो कागद म्हणजे संमतीपत्र. १९७४ च्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे सरकारी खातं कुणाचीही माहिती तिसऱ्याला देत नाही, तो तिसरा खासदार असला तरी. म्हणून ज्याचं काम त्याची सही लागते. लेक सहा वर्षांची, त्यामुळे सही मी केली. त्यावर कुठंही पक्ष, ओळख, कोण कुणाचा, असला रकाना नव्हता. अडचण काय, प्रवास कधी, अर्ज क्रमांक किती, एवढंच.

'राहता ना' या दोन शब्दांमागे काय आहे ते मी नंतर वाचलं. जनगणनेनंतर कोणत्या राज्याला किती खासदार, हे त्या राज्यात किती माणसं राहतात त्यावर ठरतं. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती 'माणसं' म्हणते, नागरिक किंवा मतदार म्हणत नाही. २०२० साली आमच्या घरातली तिन्ही डोकी मोजली गेली. प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, जागा ४३५, सरासरीनं एकामागे साडेसात लाखांवर लोक, आणि त्यात मीही एक. तुलनेला आपल्याकडचा खासदार घ्या: महाराष्ट्रात ४८ जागा, २०११ च्या जनगणनेनं सव्वाअकरा कोटी लोक, म्हणजे एकामागे तेवीस लाखांच्या पुढे. शिवाय गटारापासून बदलीपर्यंत सगळं त्यांच्याच दारात.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. मोठ्या खात्यांमध्ये संसदेच्या चौकशांना उत्तरं देणारा वेगळा विभागच असतो, तिथून त्यांना कळलं होतं की लेकीच्या फोटोत कानामागे सावली आहे, नवा फोटो मागणारं पत्र मे महिन्यातच गेलंय. कुठं गेलं? बाईंनी अर्जावरचा पत्ता वाचून दाखवला. अपार्टमेंटचा आकडा मीच चुकवला होता. १२ च्या जागी २१. महिनाभर मी ज्यांना शिव्या घालत होतो ते बिचारे शेजारच्या जिन्यातल्या रिकाम्या फ्लॅटशी पत्रव्यवहार करत होते.

त्या म्हणाल्या, "आता १६ तारखेला मला परत फोन करा. प्रवासाला १४ दिवसांपेक्षा जास्त असतील तर मला पासपोर्ट एजन्सीत भेटीची वेळ मागता येत नाही." मला वाटलं होतं, खासदार म्हटल्यावर नियम थोडा वाकेल. पण खासदाराच्या ऑफिसला विचारायचा अधिकार आहे, सांगायचा नाही. कोर्टातल्या प्रकरणात तर विचारताही येत नाही. १६ जूनला शुक्रवारी सकाळी बरोब्बर आठला मी फोन केला. १९ ला सोमवारी जुनटींथची, गुलामगिरी संपल्याच्या दिवसाची, सुट्टी, म्हणजे तीन दिवस गेले. पण पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली, अर्ज डेट्रॉइटच्या पासपोर्ट एजन्सीत मागवून घेतला गेला, आणि नवा फोटो घेऊन आम्ही रांगेत उभे राहिलो. यावेळी पोरीचे कान बायकोनं स्वतः तपासले होते. सोमवारी, २६ ला, निळं पुस्तक हातात.

तोवर माझी भीड चेपली होती, म्हणून मी बाईंना हळूच माझ्या ग्रीनकार्डाचं विचारलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यांना पाठ होती. एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त ग्रीनकार्डं नाहीत हा कायदा आहे, आणि कायदा केसवर्करच्या टेबलावर बदलत नाही. तो बदलायचा एक प्रयत्न प्रतिनिधीगृहात जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाला होता. वरच्या सभागृहानं, सिनेटनं, २०२० च्या डिसेंबरात त्यात फेरफार करून तो मंजूर केला, आणि दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आतच त्या संसदेची मुदत संपली. म्हणजे खासदारांचं जे काम टीव्हीवर दिसतं ते माझ्यासाठी अडलेलंच आहे, आणि जे दिसत नाही ते पिझ्झाच्या दुकानाशेजारी होऊन जातं.

मित्रांच्या ग्रुपवर हे टाकलं तर एकानं लिहिलं, "म्हणजे तिकडेही वशिलाच." मला ते पटत नाही, पण उडवूनही लावता येत नाही. हे दार आहे हे ज्याला माहीत, त्याचंच काम लवकर होतं. त्या उन्हाळ्यात पासपोर्टसाठी डोळे लावून बसलेल्या किती जणांना हे सुचलं असेल? मला शेजारच्या गड्यानं सांगितलं म्हणून. नाहीतर मी तसाच संगीत ऐकत राहिलो असतो. शिवाय केलेलं काम निवडणुकीला उपयोगी पडतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त माझ्याकडून त्यांना तेही मिळणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाकरवडीचं पाकीट घेऊन तिथं गेलो. बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला आणि परत माझ्या हातात दिलं. केलेल्या कामाबद्दल काही घेता येत नाही. "आभाराचं पत्र लिहिलंत तर ते आम्ही भिंतीवर लावतो," म्हणाल्या. लेकीनं तिथंच बसून एक विमान काढलं, विमानाला मोठे कान काढले आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. बाकडं त्या दिवशीही रिकामं नव्हतं. पाकीट तिथल्या एका आजींच्या हातात गेलं.

९ जुलैला सांगलीत पाऊस. मांडवावर ताडपत्री, ताम्हणात ओवाळायचे दिवे वाऱ्यानं विझत होते, बहीण परत परत लावत होती. बाबा पाटावर नवं धोतर नेसून बसलेले आणि येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "नात अमेरिकेच्या खासदाराची चिठ्ठी घेऊन आलीय." मी दोनदा म्हटलं, बाबा, चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती, नुसता एक फॉर्म भरला. मी त्या खासदारांना अजून बघितलेलंही नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गप बस," म्हणाले. "चिठ्ठीबिगर झालं म्हटलं तर हितं कोण खरं मानंल?" आणि पुढच्या पाहुण्याला परत पहिल्यापासून सांगायला लागले.