तुम्ही विचारलंत म्हणून : हॉटेल सोडून घरगाडी कशासाठी?

“चांगली हॉटेलं असताना स्वतःचा संडास बरोबर घेऊन हिंडण्यात कसली आली आहे मजा?” हा प्रश्न मला पुण्याच्या नणंदेने फोनवर विचारला, इथल्या मैत्रिणींनी गणपतीच्या पंगतीत विचारला आणि आमच्या मुलाने तर थोडा जास्तच काळजीच्या सुरात विचारला. प्रश्न वाजवी आहे. साठी ओलांडलेल्या नवराबायकोने २४ फुटी मोटरहोम भाड्याने घ्यावे, त्यात स्वयंपाक करावा, भांडी घासावीत, त्याच्याच टाक्या स्वतः रिकाम्या कराव्यात आणि याला सुट्टी म्हणावे, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटणारच. गेल्या सहा वर्षांत आम्ही चार वेळा, दर वेळी सप्टेंबरात, असे उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुड या अतिउंच झाडांच्या जंगलात गेलो आहोत, तेव्हा एकदा नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करते. हे स्वस्त पडते म्हणून आम्ही जात नाही. गाडीचे भाडे असते, त्यावर विमा असतो, आणि पेट्रोल तर ती लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर या हिशेबाने पिते. सगळी बेरीज केली तर बऱ्यापैकी हॉटेलात राहून, रोज बाहेर जेवून तेवढ्याच पैशांत परत येता येईल. जे लोक काटकसर म्हणून मोटरहोम घ्या असे सांगतात, त्यांनी बहुधा पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवलेल्या नसतात.

खरे कारण मला पहिल्याच सफरीत, तेही एका फजितीतून कळले. आम्ही प्रेअरी क्रीक उद्यानातल्या एल्क प्रेअरी नावाच्या तळावर उतरलो होतो. एका बाजूला मोठे गवताळ माळरान आणि दुसऱ्या बाजूला थेट जंगल, अशी ती जागा आहे. या सरकारी उद्यानांच्या तळांवर विजेची जोडणी मिळत नाही. गाडीतल्या बॅटरीवर दिवे आणि हीटरचा पंखा चालवायचा आणि जनरेटर लावायचा तर सकाळी १० ते रात्री ८ या वेळेतच, असा नियम आहे. आम्हाला मिळालेली बॅटरी जुनी होती आणि थंडीमुळे आम्ही हीटर रात्रभर सुरू ठेवला होता. पहाटे चारच्या सुमारास पंखा आचके देत बंद पडला, दिवे गेले, आणि दहा वाजेपर्यंत काही करता येणार नव्हते. ह्यांनी भाड्याने गाडी देणाऱ्यांचा मनसोक्त उद्धार केला. मी मात्र छपरावर टपटप आवाज ऐकत होते. पाऊस लागला, असे वाटले.

चुलीला गॅस होता, म्हणून अंधारातच चहा केला आणि अंगावर असतील नसतील ते कपडे चढवून आम्ही बाहेर आलो. तर पाऊस नव्हताच. माळरानावर उभे राहिले की अंगावर एक थेंब पडत नव्हता. झाडांखाली चार पावले आत गेले की टपोरे थेंब डोक्यावर, कपात, चष्म्यावर पडत होते. समुद्रावरून आलेले धुके शेंड्यांत अडकून, पानांवर पाणी होऊन खाली गळत होते. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. रेडवुड तगतात ते बऱ्याच अंशी या धुक्यावर, कारण काही पाणी पाने थेट शोषून घेतात आणि उरलेले असे मुळांशी ठिबकते. शंभर मीटर उंच वाढणाऱ्या या झाडाची मुळे खोल जात नाहीत, तीन-चार मीटरवर थांबतात आणि आडवी पसरत शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात, म्हणून वरवर ठिबकलेले पाणीसुद्धा त्यांना पुरते. ही माहिती मी आदल्या दिवशी फलकावर वाचली होती. चहाच्या कपात थेंब पडला तेव्हा ती मला समजली.

उजाडू लागले तसा माळरानाच्या पलीकडून एक लांबलचक, चिरका, शिट्टीसारखा आवाज आला. सप्टेंबर हा तिथल्या रूझवेल्ट एल्क हरणांचा माजाचा काळ असतो आणि तो आवाज नराचा होता. धुक्यात आधी शिंगे दिसली आणि मग बाकीचे जनावर. या दिवसांत त्यांच्या जवळ जाणे धोक्याचे असते, त्यामुळे आम्ही गाडीच्या दारात पाय आत घेऊन बसलो आणि सूर्य वर येईपर्यंत तिथून हललो नाही. हॉटेलांची गर्दी आर्केटा आणि युरेकाच्या बाजूला, ६० किलोमीटरहून दूर आहे. तिथे उतरणारी मंडळी न्याहारी आटोपून दहाला येतात, तोवर धुके वर गेलेले असते, जमीन कोरडी झालेली असते, आणि मोटारींची रांग लागलेली असते. जंगल तेव्हाही सुंदर असते, पण ते वेगळे जंगल असते. तंबूतूनही ही पहाट मिळाली असती हे मला मान्य आहे. फक्त ह्यांच्या गुडघ्यांना ते मान्य नाही.

झाडांविषयी काय सांगावे? ‘उंच’ या शब्दाचा तिथे उपयोग होत नाही, कारण शेंडा दिसतच नाही. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर आहे आणि ‘हायपेरियन’ हे जगातले सर्वांत उंच ज्ञात झाड ११५ मीटरच्या पुढे गेले आहे. त्याच्यापर्यंत जायला आता बंदी आहे, आणि ते योग्यच आहे, कारण बघ्यांच्या पायांनी त्याच्या मुळांवरची माती तुडवली जात होती. मला जवळची वाटते ती या झाडांची साल. हात लावला तर ती नारळाच्या सोडणासारखी लागते, तंतूतंतूंची, दाबली तर किंचित आत जाणारी. आणि एवढ्या झाडाचे फळ, म्हणजे त्याचा शंकू, सुपारीएवढा!

दक्षिणेला हम्बोल्ट रेडवुड्स उद्यानात तर आमच्यासारख्यांचे आद्यपुरुषच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर वीऑट गावाजवळ तिथले माहिती केंद्र आहे आणि त्यात १९१७ सालचे एक मोटरहोम ठेवलेले आहे. चार्ल्स केलॉग नावाच्या कलावंताने रेडवुडचा एक अजस्र ओंडका आतून कोरून त्याचे घर केले, ते नॅश क्वाड ट्रकवर चढवले, आणि या झाडांची तोड थांबावी हे सांगत त्यातून देश पालथा घातला. पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करून दाखवणे हा त्याचा मूळ व्यवसाय. जे झाड वाचवायचे त्याच्याच पोटात बसून हिंडणे मला आधी विसंगत वाटले होते. पण लोक गर्दी करून पाहायला येतील असे दुसरे काय तो नेऊ शकणार होता? पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, ही जंगले विकत घेऊन राखणारी सेव्ह द रेडवुड्स लीग स्थापन झाली. तरी मूळ जंगलापैकी आज सुमारे पाच टक्केच शिल्लक आहे, याची आमच्या तळावरचे तोडलेल्या झाडांचे खोलीएवढे जुने बुंधे रोज सकाळी आठवण करून देत.

तिथून जवळच फाउंडर्स ग्रोव्हमध्ये डायरव्हिल जायंट आडवा पडला आहे. उभा असताना तो सुमारे ११० मीटर होता आणि मार्च १९९१ मध्ये कोसळला. तो कोणी उचलला नाही, कापला नाही. त्याच्या अंगावर आता नेचे आणि रोपटी वाढली आहेत. माझ्या माहेरी, कोकणात, देवराईतली पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही असा दंडक होता. त्या खोडाच्या कडेने चालताना मला आजी आठवली.

राहण्याचे नियमही मला आवडू लागले आहेत. तळावर खाण्याचा कणही सांडू द्यायचा नाही, असे तिथे बजावतात. सांडलेल्या खाण्याला ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे जमतात आणि मग जुन्या रेडवुडच्या फांद्यांवर अंडी घालणाऱ्या मार्बल्ड मरलेट या दुर्मिळ समुद्रपक्ष्याची अंडी-पिल्ले खातात. एकदा माझ्या हातून पोह्यांची ताटली बाकावरून कलंडली. आम्ही दोघांनी टॉर्च लावून, गुडघ्यांची तक्रार ऐकत, वाळक्या पानांतून पोहे वेचले. दोन ‘जे’ पक्षी फांदीवर बसून शेवटपर्यंत पाहत होते आणि आमच्या या कामावर त्यांची नापसंती स्पष्ट होती.

आणि आम्ही दोघे? एवढ्या जागेत एकाला उभे राहायचे तर दुसऱ्याने बसावे लागते, त्यामुळे भांडण करायलाही नंबर लावावा लागतो. गाडी मागे घेणे हा मात्र रोजचा सोहळा आहे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी तळावर मागे उभी राहून त्यांच्यासारखी “येऊ द्या, येऊ द्या” करते आणि “बास!” म्हणून गाडीवर थाप मारते. ह्यांनी आरशाऐवजी त्या थापेवर विश्वास ठेवायला दोन सफरी घेतल्या.

राहता राहिला संडास. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, हातमोजे घालायचे, पाइप जोडायचा, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग भांड्या-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा मिनिटांचे काम आहे आणि ते हे करतात.

कोणाला जायचेच असेल तर २७ फुटांहून लांब मोटरहोम घेऊ नका, कारण एल्क प्रेअरीला ते चालत नाही. सप्टेंबरातली जागा मार्चमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला राखावी लागते. या मार्चमध्ये आम्ही तीन माणसांसाठी राखली आहे. नणंदबाई येणार आहेत, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढायची शिडी आपल्याला झेपेल का, हा त्यांचा नवा प्रश्न आहे.