ईर्षेची मॅच

आई-वडिलांचे लग्न ठरले तेव्हा पत्रिका पाहिल्या, गुण मोजले, दोन्हीकडची नातीगोती तपासली. फक्त तालीम कोणती हे कोणी विचारले नाही आणि तिथेच घोटाळा झाला, असे माझी आजी शेवटपर्यंत म्हणत असे. वडील शिवाजी पेठेतले, अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळचे, म्हणून शिवाजी तरुण मंडळाचे. आईचे माहेर मंगळवार पेठेत, म्हणून थोरले मामा पाटाकडील तालीम मंडळाचे. दोन घरांमधले अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचे. एरवी त्या वाटेने लोणच्याच्या बरण्या, दिवाळीचे डबे, बाळंतपणातले डिंकाचे लाडू असे सगळे बिनबोभाट ये-जा करत असे. मात्र ज्या आठवड्यात शिवाजी आणि पाटाकडील फुटबॉलच्या मैदानात समोरासमोर येणार असत, त्या आठवड्यात रिकामा डबासुद्धा परत जात नसे. तो ओट्यावर पालथा पडून राही, आणि आई त्याच्याकडे बघून म्हणे, “मॅच होऊ दे, मग पोचवून येतो.” कोल्हापूरच्या बायका ‘येतो’, ‘जातो’ असेच बोलतात, त्यात आईच्या आवाजात त्या दिवसांत थोडी जरब असे.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला फुटबॉलच्या संघाला ‘तालीम’ का म्हणतात, हे समजावून सांगावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदंड आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले, आणि पेठेपेठेत लाल मातीच्या तालमी घुमू लागल्या. त्या तालमी केवळ जोर-बैठकांच्या जागा राहिल्या नाहीत. पेठेतली भांडणे तिथे मिटत, गणपती तिथे बसत, मयताचे सामान आणायला माणसे तिथूनच निघत. पुढे पोरांच्या पायांत चेंडू आला तेव्हा संघाला नवे नाव शोधण्याची गरजच पडली नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे जशीच्या तशी मैदानात उतरली. लंगोट जाऊन जर्सी आली, पण वस्तादाची नजर आणि पेठेचा मान तोच राहिला. त्यामुळे आमच्याकडे संघ निवडावा लागत नाही. तो रेशनकार्डासारखा घराच्या पत्त्याबरोबर येतो, आणि पत्ता बदलला तरी तो मात्र बदलत नाही. पुण्यात वीस वर्षे भाड्याच्या आणि स्वतःच्या घरांत राहूनही मी शिवाजी पेठेचाच आहे.

एकाच गावातल्या दोन संघांच्या लढतीला जगभर ‘डर्बी’ म्हणतात. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पहिला क्लब 1889 सालचा, दुसरा 1920 सालचा. 13 जुलै 1997 रोजी सॉल्ट लेक मैदानावर त्यांचा फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना पाहायला सव्वा लाखांहून अधिक माणसे लोटली होती, आणि बायचुंग भुतियाने तीन गोल करून ईस्ट बंगालला 4-1 असे जिंकून दिले होते. तो आकडा वाचताना मला हेवा वाटतो, परंतु त्याच वेळी एक शंकाही येते की सव्वा लाखात आपला मामा सापडणार कसा? आमच्याकडे ‘डर्बी’ हा शब्द वर्तमानपत्रातही फारसा रुळला नाही. आम्ही म्हणतो, ‘ईर्षेची मॅच’. प्रमाण मराठीत ईर्षा हा दुर्गुण आहे, षड्‌रिपूंच्या गोतावळ्यातला. कोल्हापुरात मात्र “पोरगं ईर्षेनं खेळलं” असे म्हटले की ती शाबासकी असते. दुसऱ्याच्या भल्याने पोटात दुखणे हा या शब्दाचा अर्थ आम्ही केव्हा सोडून दिला कोण जाणे. दुसरा समोर आहे म्हणून आपल्या अंगात बळ येणे, एवढाच अर्थ आम्ही ठेवून घेतला आहे.

सामने होतात ते राजर्षी शाहू स्टेडियमवर. ही जागा म्हणजे पूर्वीचे रावणेश्वराचे तळे. जुन्या कोल्हापुरात अशी कितीतरी तळी होती. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, आणि त्याच मैदानात शिवाजी पेठेतल्या आम्हा पोरांचे गुडघे सोलवटले. थोरले मामा मोठ्या सामन्याच्या सकाळी हटकून एकच विनोद करत: “तळ्यातली मॅच हाय, कोण ना कोण बुडणारच.” हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, वरिष्ठ गटात सोळा संघ, आणि मग उन्हाळा तापेपर्यंत एकामागून एक चषक. दिवसाला दोन सामने असले की एक दुपारी दोनला आणि दुसरा चारला. दोनच्या सामन्याला येणारा माणूस खेळाचा खरा जाणकार. चारच्या ईर्षेच्या सामन्याला सगळी पेठ येते, त्यात ऑफसाइड म्हणजे काय हे आयुष्यात कधी न कळलेलेही असतात, आणि पंच चुकला हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी माझे बोट धरले होते. फाटकाशी मामा भेटले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, न पाहिल्यासारखे केले, आणि मग मामांनी पुढे होऊन माझ्या हातात फुटाण्यांची पुडी ठेवली. “पोराची काय चूक न्हाई,” असे ते म्हणाले, ते मला उद्देशून की वडिलांना, हे अजून ठरलेले नाही. त्यानंतर वडील एका बाजूच्या पायऱ्यांकडे वळले आणि मामा दुसऱ्या. समोरासमोरच्या त्या दोन गॅलऱ्यांच्या मधोमध एवढे मोठे हिरवे-मातकट मैदान पसरलेले होते, तरी मला मामांचा पांढरा शर्ट गर्दीतून दिसत असल्याचा भास सारखा होत राहिला. हलगी कडाडत होती. आमच्या बाजूने आरोळी उठली की समोरची बाजू काही क्षण गप्प व्हायची आणि मग दुप्पट आवाजाने उत्तर द्यायची. सवाल-जवाबाच्या फडात बसल्यासारखे वाटत होते.

त्या सामन्यात पूर्ण वेळेत गोल झाला नाही. टायब्रेकर लागला. पेनल्टी घेणाऱ्या पोराचे मैदानाच्या मध्यापासून चेंडूपर्यंत चालत जाणे मी तेव्हा प्रथम पाहिले. टीव्हीवर ते अंतर दिसते त्याहून फार लांब असते. आमचा तो खेळाडू आमच्याच गल्लीतला होता, सकाळी सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून घरोघरी फिरणारा. त्याने चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून मारला. आमची सगळी गॅलरी, म्हणजे आमची सगळी पेठ, एकदम खाली बसली. समोर गुलाल उधळला गेला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी चपला शोधल्या, मला उचलून घेतले. वास्तविक मी उचलून घेण्याच्या वयाचा राहिलो नव्हतो.

दूरच्या संघाचा पराभव टीव्ही बंद केला की संपतो. बार्सिलोना हरली म्हणून रडणारी मुले मी पाहिली आहेत, त्यांच्या दुःखाचा मी अवमान करत नाही. पण बार्सिलोना दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात दुधाचे माप घेऊन उभी राहत नाही. आमच्या दारात तो उभा राहिला. आजीने पातेले पुढे केले. तो मान वर करीना. आजी म्हणाली, “अर्धा लिटर जास्त घाल, आणि डोळं पूस.” त्या दिवशी शाळेत माझ्या बाकावर मंगळवार पेठेतला मित्र बसला होता, त्याने बाकावर करकटकाने एक रेघ ओढून ठेवली होती आणि दिवसभर तो त्या रेघेकडे बोट दाखवून नुसता हसत होता. संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलेल्या वडिलांना तिथे मामांचा एक सोबती भेटला आणि त्याने दुधाचे पैसे स्वतः दिले. हे सर्वांत वाईट होते. हरणाऱ्याला चेष्टा सोसते, यजमानपण सोसत नाही. रात्री मामा स्वतः घरी आले, पालथ्या पडलेल्या त्या डब्याची चौकशी केली आणि तो घेऊन गेले. आई दारात उभी राहून हसत होती. ती कोणाची हे तिने आम्हाला कधीच कळू दिले नाही. एवढे खरे की ज्या दिवशी पाटाकडील जिंकत असे, त्या दिवशी तांबड्या रश्श्याला चव जरा जास्त असे.

या ईर्षेची दुसरी बाजू मी झाकून ठेवणार नाही, कारण तिच्यात मीही होतो. प्रेक्षकांत दगड भिरकावले जाणे, बाटल्या मैदानात पडणे, पोलिसांनी काठ्या उगारणे, स्पर्धा अर्धवट थांबणे, हे कोल्हापूरच्या फुटबॉलने अनेकदा पाहिले आहे, आणि त्याचे खापर एका पेठेवर फोडण्यात अर्थ नाही. मी दगड कधी उचलला नाही. पण कॉलेजात असताना गॅलरीच्या जाळीला लोंबकळून मी समोरच्या संघाच्या एका बचावपटूला त्याच्या आईवरून शिवी दिली होती. तो थ्रो घेण्यासाठी रेषेजवळ आला होता. त्याने मागे वळून पाहिले, तर तो बाकावर रेघ ओढणारा माझा मित्र. त्याच्या आईने आम्हा दोघांना एकाच ताटात जेवू घातले होते. त्याने चेंडू फेकला, खेळ पुढे गेला, आणि आम्ही दोघांनी ती गोष्ट आजवर कधी काढली नाही. गर्दीत माणसाला आपला आवाज आपला वाटत नाही. मला तो नेमका त्या क्षणी, सगळ्या गोंगाटात, स्वच्छ ऐकू आला.

ईर्षेचा सामना हंगामात एक-दोनदाच येतो. ईर्षा मात्र खेळाडूंच्या नोंदणीपासून सुरू होते. हंगामाच्या तोंडावर कोण कोणाकडून सही करणार याच्या चर्चेने मिसळीची दुकाने आणि तालमींचे कट्टे भरून जातात. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा, किंवा बाजारात दुकान सांभाळणारा एखादा चांगला फॉरवर्ड संघ बदलतो, तेव्हा त्याच्या आईला भाजी घेताना दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. नंतर नंतर आफ्रिकेतले खेळाडूही पेठांच्या संघांतून खेळू लागले. त्यांना पेठांचे राजकारण कळत नसे, आणि तेच त्यांचे भाग्य. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्यातल्या एकाला पांढरा रस्सा पाजून पाजून आठ दिवसांत पेठेचा केला होता. गोल केल्यावर तो दंड थोपटायचा, हे त्याला कोणी शिकवले असेल ते सांगायला नको.

विश्वचषकाच्या वेळी हीच पेठ ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटली जाते, चौकाचौकांत मेस्सी आणि नेमार यांचे उंच फलक उभे राहतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटते की हे गाव फुटबॉलवेडे आहे ते यामुळे. आमचा मूळ आजार याहून जुना आणि याहून स्थानिक आहे. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीतला तो पहिला सामना, 6 ऑक्टोबरचा, अमेरिकेविरुद्धचा, आम्ही मामांच्या घरी बसून पाहिला. भारत हरला. परंतु आपल्या गावचे पोर विश्वचषकात खेळते आहे या आनंदाने माझे डोळे भरून आले होते. मामांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ सरकून त्या मुलाकडे निरखून पाहिले, आणि गंभीरपणे विचारले, “पेठ कुठली म्हनं ह्याची?”

वडील गेल्यानंतर मी सामन्याला एकटा जाऊ लागलो, मग नोकरीने तेही सुटले. पुण्यात मोबाइलच्या पडद्यावर सामना दिसतो, पण पडद्यावर समोरची गॅलरी दिसत नाही. मागच्या खेपेला हंगामात चार दिवस गावी होतो आणि नेमका शिवाजी-पाटाकडील सामना आला. मामांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. त्यांना एकटे सोडणे शक्य नव्हते, म्हणून मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना त्यांच्या गॅलरीत, सर्वांत खालच्या पायरीवर, घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी मैदान त्या बाजूने पाहत होतो. सूर्य डोळ्यांवर येत होता, आणि आमची पेठ समोर लांबवर, चेहरे नसलेली, नुसती एक आरोळी होऊन बसली होती.

दुसऱ्या सत्रात आमच्या एका पोराने डाव्या बगलेवरून मुसंडी मारली आणि चेंडू जाळ्यात घातला. समोर सगळे उसळले. आमच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या बाजूला, शुकशुकाट पसरला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि जमिनीकडे पाहत राहिलो. मामांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले,

“वरड की. गप का बसलास? तुझा बा असता तर तिकडनं हितपर्यंत ऐकू आला असता.”