रॉ आणलंत खरं, पण साफ कोण करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचं घर म्हार्दोळजवळ, वरच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा करायला आलेली कुटुंबं असतात आणि पावसाळ्यात कॅमेरे गळ्यात अडकवून येणारी मुलंमुलीही. बाहेरच्या खोलीत मी काढलेले चार फोटो टांगलेत. त्यामुळे चहा घेता घेता हा प्रश्न हमखास येतो: "ताई, गोव्यात फोटो कुठल्या फॉरमॅटमध्ये काढू? रॉमध्येच ना?" त्या 'ना'मध्ये अपेक्षा असते की मी मान डोलवावी. रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेला फोटो. जेपेगवाला म्हणजे हौशी आणि रॉवाला म्हणजे जाणकार, असं कुणीतरी त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं.

माझं उत्तर खरं तर सासूबाईंचं आहे. मामंजी बाजारातून स्वस्त मिळाले म्हणून वीस-वीस बांगडे आणायचे. सासूबाई पिशवीत डोकावून एकच विचारायच्या, "आणलेत खरे, पण साफ कोण करणार?" रॉबद्दल मीही तेवढंच विचारते. घरी गेल्यावर रात्री जेवणं आटपून कॉम्प्युटरसमोर बसणार आहात का? एकेक फोटो उघडून त्याचा उजेड, रंग, सावल्या बघणार आहात का? हो म्हणालात तर रॉ. "बघू, वेळ मिळाला तर" म्हणालात तर जेपेग. आणि मनाला लावून घेऊ नका, माझ्याही हार्ड डिस्कवर साफ न केलेले बांगडे हजारोंनी पडलेत.

आता हे साफ करणं म्हणजे काय, ते सांगते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यापुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते, निम्म्या काचा हिरव्या. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या या मांडणीचं पेटंट 1976 सालचं आहे आणि बहुतेक कॅमेरे आजही तीच वापरतात. म्हणजे सेन्सरला 'फोटो' दिसतच नाही, प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाचा किती उजेड पडला एवढा आकडा मिळतो. ते आकडे जवळजवळ जसेच्या तसे ठेवले की झाली रॉ फाइल. साधारणपणे त्या 12 किंवा 14 बिटच्या असतात, म्हणजे काळोखापासून लख्ख पांढऱ्यापर्यंत 4096 किंवा 16384 पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. कॅमेरा जेपेग बनवतो तेव्हा रंगाचा तोल, कॉन्ट्रास्ट, धार हे सगळं तिथल्या तिथे ठरवतो आणि न लागणारं टाकून देतो. रॉमध्ये हे ठरवणं तुमच्यावर सोडलेलं असतं. फरक खरा एवढाच: कोण ठरवणार आणि कधी.

म्हणून जेपेगला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत. 1992 सालचं ते गणित अजून जगभर चालतंय ते उगाच नाही. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. हे धरून जेपेग रंगाची माहिती बरीच कमी करतं, चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला न जाणवणारा बारकावा काढून टाकतं. उजेड बरा असेल, कॅमेऱ्याने अंदाज नीट बांधला असेल, तर उच्च दर्जाच्या जेपेगमध्ये आणि रॉवरून केलेल्या फोटोत फरक दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. सकाळी आठला पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्लीत तुम्ही उभे आहात, पिवळ्या-निळ्या भिंतींवर तिरकं कोवळं ऊन आहे. काढा जेपेग, निःशंक.

पण गोव्यातला उजेड नेहमी इतका शहाणा नसतो. पणजीचं इमॅक्युलेट कन्सेप्शनचं चर्च घ्या. पांढरंशुभ्र, उंचावर, आणि आपण नेमके दुपारी बारा वाजता खाली रस्त्यावर तोंड वर करून उभे. भिंतीवरचा बारीकसारीक उठाव कॅमेऱ्याला पेलवत नाही. जेपेगमध्ये ती भिंत 255 वर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, जाऊन आदळली की तिथे काही उरत नाही. नंतर उजेड कमी करा, पांढऱ्याचं करडं होईल, पण भिंत परत येणार नाही. रॉमध्ये बहुतेक वेळा वरच्या टोकाला थोडी जागा शिल्लक असते, त्यातून गिलावा, कंगोरे, सावल्या हळूहळू वर येतात. थोडीच जागा हं. सेन्सरच भरून वाहिला असेल तर रॉदेखील हात वर करतं. आणखी एक गंमत: रॉमध्ये काढत असलात तरी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतं ते आत चिकटवलेलं छोटं जेपेगच. त्यामुळे पांढरा भाग उडाल्याचा इशारा लुकलुकतो तेव्हा प्रत्यक्षात तितकं उडालेलं नसतं. पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं, मी घाबरून सगळे फोटो काळोखे काढून आणले होते.

तांबडी सुर्लला उलट अडचण. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसॉल्टचं, चहूबाजूंनी रान. पाऊस नुकताच थांबलेला, दगड ओला, आणि पानांच्या फटींतून मात्र आभाळ डोळे दिपवणारं. आभाळ सांभाळलं तर देऊळ काळा ठोकळा होतं. इथे मी रॉच काढते, आभाळ सांभाळून, आणि घरी आल्यावर सावल्या उचलते. जेपेगमध्ये हेच करून बघा, सावलीतून कोरीवकामाऐवजी चट्टे आणि चौकोन वर येतात. शिगम्याच्या मिरवणुकीलाही रॉच. एका बाजूने पिवळा दिवा, दुसरीकडून निळसर एलईडी, चित्ररथावर भलतंच काहीतरी. रंगाचा तोल रॉमध्ये नंतर हवा तसा फिरवता येतो, जेपेगमध्ये तो मुरलेला असतो.

मग म्हणाल, सगळंच रॉ काढलं तर काय बिघडलं? माशेलला बिघडलं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो असतो. अंगाला तेल चोपडलेले पुरुष आणि मुलगे चिखलात खेळ खेळतात, लोळतात, एकमेकांना ओढतात. मी रॉ लावून धडाधड फोटो काढत सुटले. एका पोराने धावत येऊन चिखलात सूर मारला तेव्हा माझा कॅमेरा गप्प. कार्डावर लिहीत असल्याचा लाल दिवा जळत होता आणि बटण दाबलं जात नव्हतं. रॉ फाइली जड. सलग काढलेल्या फाइली कॅमेरा आधी आतल्या तात्पुरत्या जागेत ठेवतो, ती जागा भरली की थांबावंच लागतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात ती वीसेक फोटोंत भरते. त्या ढगाळ उजेडात जेपेगचंही काही अडलं नसतं. तेव्हापासून माझा हिशोब असा, उजेड अवघड असेल तर रॉ, माणसं पळत असतील तर जेपेग. दोन्ही एकदम आलं तर मी देवाचं नाव घेते.

'रॉ अधिक जेपेग' अशी सोयही असते, ती प्रवासाला चांगली. जागेचा हिशोब मात्र करा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ साधारण 30 एमबी धरा आणि चांगलं जेपेग 10. म्हणजे 64 जीबीच्या कार्डावर नुसत्या रॉ दोनेक हजार, जेपेग सहा हजारांवर, दोन्ही मिळून सोळाशेच्या आसपास. चार दिवसांच्या सहलीला पुरे. संध्याकाळी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या एवढंच, कारण पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. आणि कॅमेरा कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. लेन्सवर धरणाऱ्या बुरशीला रॉ-जेपेग कळत नाही.

आता मोबाइल. तुमच्यातले बहुतेक मोबाइलवरच काढता आणि त्यात कमीपणा काही नाही. पण इथे रॉचा हट्ट उलटतो. मोबाइलचा नेहमीचा फोटो एक नसतो, एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन तो त्या एकमेकांत मिसळतो. प्रो मोडमधली साधी डीएनजी फाइल, म्हणजे मोबाइलची रॉ, बऱ्याच फोनांत एकाच फ्रेमची असते, म्हणून ती उघडली की दाणेदार, फिकट दिसते आणि लोक म्हणतात, "ताई, हे तर वाईटच आलं." वाईट नाही, ते साफ व्हायचं आहे. 2020 पासून आयफोनच्या प्रो मॉडेलांत प्रोरॉ आलं, त्यात मिसळलेल्या फ्रेमा आणि रॉची लवचीकता दोन्ही मिळतं, पण फाइल मोठी.

आयफोनवर 2017 पासून आणखी एक पाहुणा आहे, हाइक (HEIC) फाइल. जेपेगच्या जवळपास निम्म्या जागेत तसाच फोटो, शिवाय रंगांच्या पायऱ्या जास्त ठेवण्याची सोय. मांडवीवर सूर्य बुडताना आभाळाचा रंग हळूहळू बदलतो, त्यात पट्टे पडणं त्यामुळे टळू शकतं. फॉरमॅट उत्तम, फक्त सगळीकडे चालत नाही. गेल्या चतुर्थीला मी भाचीच्या फोनवरचे गणपतीचे फोटो पेन ड्राइव्हवर घालून छापायला नेले. दुकानातल्या मुलाने क्लिक करकरून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ह्यात फोटो नाहीत." फोटो होते, त्याच्या कॉम्प्युटरला हाइक ओळखू येत नव्हती. छपाईला द्यायचं असेल तर आधी जेपेग करून न्या. किंवा सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा.

खरा घात होतो तो व्हॉट्सॲपवर. आत्याबाईंनी दूधसागरचा सहकुटुंब फोटो मोठा करून फ्रेम करायला टाकला, आला तो पाणी आणि माणसं एकाच साबणाच्या फेसातली. फोटो ग्रुपवरून उतरवलेला होता. साधा पाठवला की व्हॉट्सॲप लांबची बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास आणतं आणि वर दाबतं ते वेगळंच. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो जेमतेम पाच इंच रुंद छापण्याजोगा. आत्याबाईंनी अठरा इंची सांगितला होता. छापायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. मात्र त्याबरोबर फोटो कुठे काढला ते ठिकाणही जातं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या लहान धबधब्याचा फोटो असेल तर ते ठिकाण काढून टाका, एवढी माझी विनंती. पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या नकोत.

"जेपेग उघडून बघितलं की खराब होतं का?" असंही विचारतात. नाही. उघडा, कॉपी करा, काही होत नाही. बदल करून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केलं की दर वेळी थोडं झिजतं. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, बदल वेगळ्या नावाने ठेवा. आणि जेपेगचं पीएनजी, म्हणजे काही टाकून न देणारी फाइल, करून दर्जा वाढत नाही, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पीएनजी स्क्रीनशॉटला, नकाशाला, अक्षरांना छान. समुद्राच्या फोटोला नुसतीच जागा खातं.

बाहेरच्या खोलीतल्या चार फोटोंबद्दलही विचारता, म्हणून सांगते. दोन जेपेगवरून केलेले आहेत, दोन रॉवरून, आणि कुठले कुठले ते अजून एकाही पाहुण्याने बरोबर ओळखलेलं नाही. त्यातला माशेलचा, चिखलाने माखून हसणाऱ्या मुलाचा, त्या लाल दिव्याच्या आधीच्या रॉ फाइलींतला आहे. त्या दिवशीच्या मी आजवर बाराच साफ केल्यात. बाकीच्या डिस्कवर आहेत. सासूबाईंना सांगू नका.