एसक्यूलाइट गप्प बसतं तेव्हा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला मी संकलनाचं सॉफ्टवेअर करून दिलंय, पायथनमध्ये, खाली एसक्यूलाइट, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा, सर्व्हर न लागणारा छोटा डेटाबेस. दहा दिवसांचं बिल वाटलं त्या संध्याकाळी एक आक्का किटली कट्ट्यावर ठेवून थेट माझ्याकडंच आल्या, एका हातात बिल आणि दुसऱ्या हातात सुनेनं पेन्सिलीनं लिहिलेली वही. म्हणाल्या, "बाळा, माझं तीन येळचं दूध कुठं गेलं रं?"

स्क्रीनवर बघितलं तर तिन्ही नोंदी होत्या. प्रत्येकी साडेचार लिटर, फॅट ६.५, सगळं जागच्या जागी, आणि रक्कम शून्य. साडेतेरा लिटर म्हशीचं दूध हिशोबात आलंच नव्हतं आणि प्रोग्रॅमनं एक शब्द काढला नव्हता.

रात्री घरी बसून शोधलं तेव्हा कळलं. त्या दोन दिवसांत फॅट मशीन बंद होतं म्हणून पोरानं आकडे हातानं टाकले, आणि कीबोर्ड मराठीवर होता. म्हणजे ते ६.५ खरोखरच मराठी आकड्यांत गेलेलं. मी फॅटच्या कॉलमचा टाइप रिअल (दशांशातला आकडा) दिला होता आणि मला वाटत होतं तेवढं पुरे, पण एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा टाइप म्हणजे नुसता कल असतो, आलेली गोष्ट आकड्यासारखी दिसली तर ते आकडा करून घेतं, नाही दिसली तर आहे तशी मजकूर म्हणून ठेवून देतं, एरर नाही काही नाही. आणि त्याला आकडा म्हणून फक्त इंग्रजी आकडेच ओळखता येतात. मग अशा मजकुराला दरानं गुणलं की उत्तर शून्य. वर परत तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळं "फॅट ३ पेक्षा कमी असलेल्या नोंदी दाखव" ही माझी रोजची तपासणी त्याला कधी पकडूच शकत नव्हती.

शोधायचं असेल तर टाइपऑफ फंक्शन लावा, आत नक्की कुठल्या टाइपची गोष्ट बसलीय ते सांगतं ते, फॅटचा टाइपऑफ जिथं रिअल नाही त्या ओळी काढा. माझ्याकडं ११ निघाल्या, चार घरांच्या. दुरुस्ती सोपी आहे, पायथनचं फ्लोट, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, मराठी आकडेही नीट वाचतं, तेव्हा आत टाकायच्या आधी फ्लोट करून घ्यायचं आणि टेबलावर टाइपऑफचं चेक कन्स्ट्रेंट टाकायचं, म्हणजे अट न पाळणारी नोंद आतच घेतली जात नाही. माझ्याकडच्या आवृत्तीत चेक नंतर जोडता येत नाही, नवं टेबल करून डेटा त्यात ओतावा लागतो. एसक्यूलाइटच्या २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट टेबल मिळतात, चुकीच्या टाइपची गोष्ट आली की ती एररच देतात, ती जास्त चांगली, पण संस्थेचा पीसी विंडोज ७ चा आहे, तिथं पायथन ३.८ च्या पुढं जात नाही आणि त्यातलं एसक्यूलाइट जुनं.

याच्यापुढं "डेटाबेस इज लॉक्ड" मला परवडतं, निदान ओरडून सांगतं तरी. सकाळी सहाला रांग लागलेली, आत सेक्रेटरी आण्णांनी दुसऱ्या पीसीवरून काही सेव्ह करायला घेतलं की हा मेसेज हमखास यायचा. टाइमआउट, म्हणजे कुलूप सुटायची वाट बघायचा वेळ, वाढव असं सगळेच सांगतात, पायथनमध्ये तो आधीच ५ सेकंद असतो. पण एका वेळी एकालाच लिहिता येतं, आणि माझा प्रोग्रॅम पहिली किटली आली की ट्रान्झॅक्शन (लिहिण्याचं काम) उघडायचा आणि कमिट, म्हणजे ते पक्कं करून बंद, करायचा थेट संकलन संपल्यावर, म्हणजे दीड तास कुलूप. तिथं ५ सेकंद काय करणार? आता प्रत्येक किटलीला कमिट. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये होती तीही काढली, नेटवर्कवर फाइल लॉकिंगचा भरवसा नसतो आणि वॉल मोड, म्हणजे नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत, तर तिथं चालतच नाही, कारण त्याला सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर लागतात. फाइल आता फॅट मशीनच्या पीसीवर, आण्णांचा पीसी ब्राउझरमधून तिथंच मागतो. वॉल चालू केल्यापासून वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही.

पण वॉल घेतलं की पेनड्राइव्हवर कॉपी मारायची सवय मोडावी लागते. आण्णा प्रोग्रॅम चालू असतानाच मुख्य फाइल तेवढी उचलायचे, आणि ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्येच राहायच्या. ती साधारण १००० पानं झाली की मुख्य फाइलमध्ये मिसळायला सुरुवात होते, ४ केबीचं पान धरलं तर ४ एमबी, एका वेळचं सगळं संकलन आरामात त्यात बसतं. तेव्हा बॅकअप घ्यायचा तर एसक्यूलाइटच्याच बॅकअप कमांडनं नाहीतर व्हॅक्यूम इंटू या कमांडनं. आणि वॉल चालू नसेल तिथं लाइट गेल्यावर जर्नल नावाची फाइल मागं राहिलेली दिसली तर कचरा समजून कुणी डिलीट करू नका, अर्धवट राहिलेलं काम मागं फिरवायला तीच लागते.

फॉरेन की, म्हणजे एका टेबलातल्या नोंदीचा धागा दुसऱ्या टेबलात खरंच आहे का याची तपासणी, मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

एवढं सगळं होऊनही मी हे बदलणार नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे सुरू केलं ते अमेरिकन नौदलाच्या जहाजावरच्या कामातून, सर्व्हर बंद पडला की प्रोग्रॅम अडकायचा म्हणून सर्व्हरच नको असं ठरवून. गावातल्या संस्थेत सर्व्हर सांभाळायला तरी कोण बसणार?

आक्कांची रक्कम पुढच्या बिलात धरली, बाकी तीन घरांचीही दिली. आता आण्णांची एक तक्रार राहिलीय, सभासदांच्या यादीत माळी हे मासाळच्या आधी येतात. युनिकोडमध्ये ळ हा व आणि स च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि एसक्यूलाइट नुसते कोड बघून क्रम लावतं. त्यासाठी पायथनमधून स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) लिहायला घेतलंय, क्ष आणि ज्ञ सकट.