खरं विषुववृत्त पिवळ्या रेषेपासून 240 मीटरवर

इक्वेडोरची राजधानी कीटो. तिच्या उत्तरेला साधारण 26 किलोमीटरवर 'मिताद देल मुंदो' आहे, म्हणजे जगाचा मध्य. 30 मीटर उंच दगडी मनोरा, त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल आणि पायथ्याशी फरशीवर विषुववृत्त म्हणून आखलेली पिवळी रेषा. बसमधून उतरल्या उतरल्या मुलं रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकतात आणि फोटो काढून घेतात. काढू द्यावा. दोन्ही पाय दक्षिण गोलार्धातच होते, हे नंतर सांगावं.

ते मुलांनाच शोधू दिलं तर जास्त मजा. फोनमधल्या होकायंत्राच्या किंवा नकाशाच्या अ‍ॅपमध्ये अक्षांश दशांशात दिसेल असं करून घ्या. उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबा, म्हणजे जागेभोवतीचं निळं वर्तुळ आक्रसतं. मनोऱ्यापाशी दक्षिण 0.0022 च्या आसपास आकडा दिसतो. आवाराबाहेर पडून उत्तरेकडे चालत राहिलं की तो उतरत जातो आणि एका जागी दक्षिणेचं उत्तर होतं. सगळी शून्यं एका ओळीत मिळवायचा हट्ट मात्र नको. पाचव्या दशांश स्थळाचा एक अंक म्हणजे जेमतेम 1.1 मीटर, आणि फोन मोकळ्या मैदानातही तीन-चार मीटरने चुकतो. त्यामुळे शेवटचे आकडे नाचतच राहतात.

या चुकीचं खापर फ्रेंचांवर फुटतं, ते मला पटत नाही. ला कोंदामीन, बूगे आणि गोदँ यांची फ्रेंच मोहीम 1736 मध्ये इथे पोहोचली ती रेषा आखायला नव्हे, विषुववृत्तालगतच्या अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजायला. ती लांबी उत्तरेकडच्या लॅपलँडमधल्या अंशापेक्षा कमी भरली, म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे सिद्ध झालं. पहिला मनोरा त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1936 मध्ये उभा राहिला. आजचा मोठा मनोरा 1982 चा. शिवाय 240 मीटर म्हणजे कोनाच्या हिशेबात फक्त 8 सेकंद. जुन्या पद्धतीत अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे आणि 'सरळ खाली' कुठे हे ओळंब्यावरून ठरवायचे. शेजारी अँडीजसारखा डोंगर असला की तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. इतक्या कमी फरकात काम करणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

आता वाटाडे दाखवतात तो पाण्याचा खेळ. रेषेवर भोक असलेलं घमेलं ठेवतात, बूच काढलं की पाणी सरळ खाली जातं. तेच घमेलं दोन-तीन पावलं उत्तरेला नेलं की भोवरा एका दिशेने, दक्षिणेला नेलं की उलट दिशेने. मुलं टाळ्या वाजवतात. तुम्ही बादली धरलेल्या हाताकडे बघा. बाजूला नेल्यावर पाणी कडेने ओतलं जातं, त्यातच त्याला गिरकी मिळते. 'आता उलट बाजूने ओता' एवढं म्हणून पाहा, भोवराही उलटतो.

पृथ्वीच्या फिरण्याने पाण्याला गिरकी मिळते हे खोटं नाही, पण ती फारच क्षीण असते. 1962 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या अ‍ॅशर शपिरो यांनी सहा फूट रुंदीच्या टाकीत सहा इंच पाणी भरलं, ते 24 तास स्थिर होऊ दिलं आणि मगच मधलं बारीक भोक उघडलं. पहिली बारा मिनिटं वर तरंगणारी खूणकाडी जवळजवळ हललीच नाही. मग ती हळूहळू घड्याळाच्या उलट फिरू लागली. 1965 मध्ये सिडनीत हाच प्रयोग केला तेव्हा ती घड्याळाच्या दिशेने फिरली. हे सगळं विषुववृत्तापासून तीस-चाळीस अंश दूर. रेषेपासून तीन मीटरवर हा परिणाम शून्यच धरायचा. चक्रीवादळंसुद्धा याच कारणाने विषुववृत्ताच्या साधारण पाच अंशांच्या आत सहसा तयार होत नाहीत.

खिळ्याच्या डोक्यावर अंडं विषुववृत्तावरच उभं राहतं असं सांगतात, पण हा खेळ जगात कुठेही जमतो. कच्चं अंडं घ्या, रुंद टोक खाली ठेवा, दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच धरा आणि अंडं स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. कवचावरचे बारीक उंचवटे तिपाईसारखे टेकले की अंडं उभं राहतं. बहुतेकांचं चुकतं ते घाईने बोटं काढल्यामुळे. एकेक बोट काढा.

विषुववृत्तावर वजन कमी भरतं ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. इथे आपण ताशी 1,670 किलोमीटरने फिरत असतो आणि पृथ्वीच्या केंद्रापासून ध्रुवापेक्षा सुमारे 21 किलोमीटर दूर असतो. ध्रुवावर 40 किलो दाखवणारा स्प्रिंगचा काटा समुद्रसपाटीच्या विषुववृत्तावर सुमारे 200 ग्रॅम कमी दाखवेल. दोन पारड्यांच्या तराजूवर मात्र काहीच फरक दिसणार नाही. का, ते मुलांना विचारा. समोरच्या पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी झालेली असतात.

माझ्या मते या सगळ्यात पाहण्यासारखी एकच गोष्ट, सावली. त्यासाठी मनोरा सोडून कायांबे गावाजवळच्या कित्सातो या सूर्यघड्याळापाशी जा. ते खऱ्या विषुववृत्तावर आहे आणि त्याचा काटा म्हणजे 10 मीटर उंच नळकांडं. 20 मार्च आणि 22 सप्टेंबरच्या सुमारास भर मध्यान्ही त्याची सावली पायाशीच गडप होते. घड्याळात बारा वाजता जाऊन उपयोग नाही. इथली प्रमाणवेळ 75 अंश पश्चिमेची आणि जागा 78 अंशांच्या पुढची, म्हणून खरी मध्यान्ह मार्चमध्ये 12 वाजून 21 मिनिटांच्या आसपास, तर सप्टेंबरमध्ये 12 वाजून 6 मिनिटांच्या आसपास येते. एरवी जूनअखेर मध्यान्हीला सावली 4.3 मीटर दक्षिणेकडे पडते, डिसेंबरात तेवढीच उत्तरेकडे.

तिथून हवा स्वच्छ असेल तर कायांबे ज्वालामुखी दिसतो. विषुववृत्त त्याच्या दक्षिण उतारावरून सुमारे 4,690 मीटर उंचीवर जातं. या संपूर्ण रेषेवरची ती सगळ्यात उंच जागा, आणि जमिनीवर कायम बर्फ असलेलीही तेवढीच. सूर्य डोक्यावर आणि पायाखाली हिमनदी, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवल्याशिवाय खरं वाटत नाही. डोंगर सकाळी लवकर बघा, दुपारपर्यंत ढगात जातो.